फराळ झाला, आता काय वाचू?

दिवाळी तोंडावर आली की तुमचे मेसेज ढिगाने येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, मावशी, सुट्टीत पोरांना काय देऊ. यावेळी पाच जणांचे प्रश्न घेतलेत. आधीच सांगते, पंचवीस पुस्तकांची यादी मी देणार नाहीये. ती फॉरवर्ड करायला बरी असते, वाचत कुणी नाही. माझा अनुभव असा की ज्या हंगामाची गोष्ट त्या हंगामात हातात पडली की पोरं आपोआप धरतात, नाहीतर भर मे महिन्यात स्वेटर घातल्यासारखं होतं.

मुलगा आठ वर्षांचा आहे, इंग्लिश मीडियम. मराठी फाडफाड बोलतो पण वाचायला बसवलं की दोन ओळींत जांभया. मागच्या दिवाळीत हौसेने एक जाडजूड गोष्टींचं पुस्तक आणलं, ते अजून कोरं करकरीत आहे. यंदा काय आणू? – एक आई, पिंपरी

अगं, जाडजूड आणलंस तिथेच तो घाबरला. तो आठ वर्षांचा असला तरी त्याचं मराठी वाचन पाच वर्षांचं आहे हे आधी मान्य कर, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ आण, नाहीतर त्यांची ‘यश’ची पुस्तकं. चित्रं मोठी, वाक्यं छोटी, आणि त्यातली माणसं आपल्या घरात असतात तशीच, म्हणजे कुणी उपदेश करायला टपलेलं नसतं. एक पान तू वाच, एक त्याला वाचू दे, आणि तो अडखळला की लगेच ऱ्हस्व-दीर्घ काढू नकोस, पटकन शब्द सांगून पुढे जा. विंदा करंदीकरांच्या बालकविता पण घे, ‘एटू लोकांचा देश’ मोठ्याने वाचलं की अर्थ कळायच्या आधीच मजा येते, आणि कविता संपते लवकर, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

आणि ‘किशोर’चा दिवाळी अंक घे. बालभारतीचं मासिक आहे, 1971 पासून निघतंय, तू किंवा तुझ्या नवऱ्याने लहानपणी वाचलं असणारच. अंक हातात आला की मुलं कोडी नाहीतर विनोदांपासून सुरुवात करतात, मागून पुढे येतात, मधलंच काहीतरी वाचतात, तर वाचू दे तसंच. किशोरचे जुने अंक वेबसाईटवर फुकट आहेत, तुझ्या लहानपणीचा एखादा शोधून काढ आणि ‘हे मी वाचलं होतं’ म्हणून दाखव, त्याचा परिणाम माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त होईल.

आमच्याकडे दिवाळीला दहा-बारा माणसं जमतात, नातवंडं सहा ते पंधरा वयातली. टीव्ही एकच पण कुणाचं एकमत होत नाही, शेवटी जो तो आपापला मोबाईल घेऊन कोपरा धरतो. सगळ्यांनी एकत्र बघावा असा पिक्चर सांगा. शिवाय भाऊबीजेला सगळ्यांना ‘श्यामची आई’ भेट द्यायचं मनात आहे, सूनबाई म्हणतात पोरं कंटाळतील. – एक आजोबा, सांगली

काका, पिक्चरचं आधी. ‘एलिझाबेथ एकादशी’ लावा, डोळे मिटून. परेश मोकाशींचा, 2014 चा, गोष्ट पंढरपुरातली आणि ती घडते कार्तिकी एकादशीच्या सुमाराला, म्हणजे दिवाळी झाल्यावर लगेच. वडील नाहीत, आईचं मशीन कर्जापायी जप्त झालंय, आता घरातली सायकल विकायची वेळ आलीय आणि त्या सायकलचं नाव एलिझाबेथ, वडिलांनीच ती बनवलेली. ती वाचवायला भाऊ-बहीण यात्रेत बांगड्यांचा स्टॉल टाकतात. सहा वर्षांच्याला सायकल कळते, पंधराच्याला पैशाची ओढाताण कळते आणि तुम्हाला तर सगळंच कळणार. बालचित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालंय त्याला, पण ते आधी सांगू नका हो, पारितोषिक म्हटलं की पोरांना तो अभ्यासाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्याच मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला त्याची गोष्ट, पण थोर पुरुषाच्या चरित्रासारखी नाही, घरातला एक अवली बाप कपाट-बिपाट विकून काहीतरी खटाटोप करतोय आणि अख्खं घर त्यात सामील आहे अशी. बाईचं काम करायला बाई मिळेना म्हणून तारामती झाले ते साळुंके, म्हणजे एक पुरुषच, इथे सगळी पोरं खदखदून हसतात. आणि पिक्चर संपला की हे नक्की करा: फाळक्यांनी कॅमेरा आणल्यावर आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती, तेच नातवंडांकडून करून घ्या. कुंडीत वाटाणे टाका, मोबाईल रोज त्याच जागी त्याच उंचीवर ठेवून एक फोटो, आणि सगळे फोटो भरभर सरकवले की रोप डोळ्यांसमोर उगवतं. थंडी वाटाण्याचीच आहे. मोबाईल काढून घ्यायची भांडणं पण वाचतात.

‘नाळ’ कुणी सुचवला तर एक काळजी घ्या. चांगला आहे, तो छोटा चैत्या तर काळजात घुसतो, पण आपण दत्तक आहोत हे त्या पोराला कळतं त्यावर सगळी गोष्ट उभी आहे. नातेवाईकांत तसं एखादं मूल असेल तर आधी त्याच्या आईबाबांनी बघावा आणि मग ठरवावं. ‘टिंग्या’चंही तसंच, पोरगा आणि त्याचा बैल, वसुबारसेला गाईगुरांची गोष्ट म्हणून हौसेने लावाल आणि सणाच्या दिवशी सगळं घर रडत बसेल. तो पोळ्यानंतर कधीतरी निवांत बघा.

आता ‘श्यामची आई’. सूनबाईंचं पूर्ण चुकत नाहीये, पुस्तक नुसतं हातात ठेवलं तर कंटाळतीलच, कारण ते मुळात एकट्याने वाचायचं पुस्तकच नाही. साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहून काढलं आणि त्याची रचना बघा ना, प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो. मग तुम्ही पण तसंच करा. जेवणं झाली की गच्चीत सतरंजी टाका, एक रात्र वाचा आणि थांबा, दुसरी मागितली तरी देऊ नका. सुरुवात पहिल्या रात्रीपासूनच करायला हवी असं काही नाही. आधी ‘अळणी भाजी’ घ्या, भाजीत मीठ पडलेलं नसतं तरी वडील एक शब्द न बोलता जेवतात ती, आमच्याकडे त्यावर पोरांची वादावादी झाली होती की सांगायला हवं होतं का नको. मग पोहायला शिकण्याची. रडवणाऱ्या रात्री शेवटाला ठेवा, तोवर पोरं श्यामची झालेली असतात. आणि प्रत्येकाला एकेक प्रत कशाला, घरात एकच असू दे, उरलेल्या पैशात प्रत्येकाला त्याच्या आवडीचं काहीतरी घ्या. अत्र्यांचा 1953 चा सिनेमा सगळ्या रात्री संपल्यावर. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदा दिलं गेलं ते याच सिनेमाला, पण आजच्या मुलांना त्याची चाल संथ वाटते, गोष्ट माहीत असली की चालतं.

मी तेरा वर्षांची आहे. सगळे मला अजून ससा-कासव टाइप पुस्तकं देतात. इंग्लिशमध्ये मी सातशे पानांची फँटसी वाचते. मराठीत माझ्या वयाचं खरंच काही आहे का की उगाच? – एक वाचक, नाशिक

आहे गं, पण ते बालसाहित्याच्या शेल्फवर नसतं म्हणून तुला दिसत नाही. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ घे. लंपन नावाचा मुलगा, आईवडील दुसऱ्या गावी आणि हा आजी-आजोबांकडे, बेळगावच्या बाजूची कानडी वळणाची मराठी. पहिली दहा पानं ती भाषा अडेल, अडू दे, अकराव्या पानापासून तूच तसं बोलायला लागशील. फार काही घडत नाही त्यात, आणि तरी सगळं घडतं, हे तुला वाचल्यावर कळेल, मला नीट सांगता येत नाहीये. आवडलं तर पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आहेत. 2024 मध्ये ‘लंपन’ नावाची सिरीजही आली, पण आधी पुस्तक, नाहीतर तुझा लंपन कसा दिसतो ते दुसरंच कुणीतरी ठरवून टाकेल.

फँटसी आवडते तर सायन्स फिक्शनही चालेल, जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या कथांपासून सुरू कर. लिहिणारा स्वतः खगोलशास्त्रज्ञ, त्यामुळे उगाच काहीही उडत नाही. मिलिंद बोकिलांचं ‘शाळा’ नववीतल्या मुलाचं आहे, काळ आणीबाणीचा, त्यात शिव्या आहेत, प्रेमात पडणं आहे आणि मोठ्यांचा खोटेपणा पण आहे. तू ते एक-दोन वर्षांनी वाचावंस असं मला वाटतं, पण मी नको म्हटल्यावर तू आजच वाचणार हेही मला माहितीये, तर वाच, आणि आईलाही वाचायला दे.

एक पिक्चर तुझ्यासाठी राखून ठेवतेय, ‘किल्ला’. आत्ता बघू नकोस. कोकणातला पाऊस आहे त्यात, जूनमध्ये शाळा सुरू होऊन नवीन वर्गात मैत्रीण मिळत नसेल त्या आठवड्यात बघ.

नऊ वर्षांच्या मुलीला ‘फास्टर फेणे’ सिनेमा दाखवू का? पुस्तकं आम्ही दोघं मिळून वाचतोय. – एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

अजून थांबा. 2017 चा सिनेमा चांगला आहे, अमेय वाघ मस्तच, पण त्यातला फेणे कॉलेजच्या वयाचा आणि गोष्ट खुनाची आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, तो सायकलवाला काटकुळा पोरगा, ‘ट्टॉक्’ करणारा, तिच्या डोक्यात अजून दोन-तीन वर्षं तसाच राहू दे. बारा-तेराची झाली की दोघं मिळून बघा. सिनेमात भा. रा. स्वतः पण आहेत, म्हणजे दिलीप प्रभावळकर त्यांच्या भूमिकेत, तोवर तिला ते ओळखू येतील आणि जास्त मजा येईल.

मावशी मी पाचवीत आहे. आम्ही सोसायटीत दरवर्षी किल्ला करतो पण तो कुठला आहे असं विचारलं की सगळे गप्प बसतात. यावर्षी खरा किल्ला करायचाय. पुस्तक सांगा. – कल्याणचा एक मावळा

शाब्बास रे! 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातला एक निवडा, आणि एकच. जागा कमी असेल तर आजीची मोठी परात मागा, त्यात पाणी भरा आणि मधोमध सिंधुदुर्ग, माती पण कमी लागते. जागा भरपूर असेल तर राजगड. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. संजीवनी माचीला तटबंदी दुहेरी आहे, भिंतीच्या आत भिंत, ती जमली तर बाजूच्या सोसायटीचे लोक बघायला येतील.

प्र. के. घाणेकरांची किल्ल्यांवरची पुस्तकं लायब्ररीत माग. तुला काही पानं जड जातील, तर बाबांना वाचायला लाव आणि तू नकाशा बघून त्यांना प्रश्न विचार. अळीव आणि मोहरी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधीच पेरा, दरवर्षी सगळे उशिरा पेरतात आणि लक्ष्मीपूजनाला किल्ला टकला असतो. झाला की फोटो पाठव, आणि चोर दरवाजा कुठे ठेवलायस ते मला लिहून सांग, बाकीच्यांना नको.