इंग्रजी वाक्यातला क्लॉज, म्हणजे उपवाक्य, कसा ओळखायचा? सिंपल (केवल), कंपाउंड (संयुक्त), कॉम्प्लेक्स (मिश्र) वाक्यांमध्ये फरक काय?

वाक्य किती लांब आहे हे बघूच नका, तिथेच बहुतेकांची गल्लत होते. कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद अशी जोडी शोधा. जितक्या जोड्या, तितके क्लॉज.

आपल्या सांगलीच्या हळदीचंच घ्या: ‘आफ्टर सेलिंग हिज टर्मरिक इन सांगली, द फार्मर वेंट होम टू तासगाव.’ एवढं लांबलचक, पण सिंपल. कारण ‘सेलिंग’ काळ दाखवत नाही, जोडी एकच: ‘फार्मर वेंट’. आता ‘आफ्टर ही सोल्ड हिज टर्मरिक, द फार्मर वेंट होम’ करा. ‘ही सोल्ड’ ही दुसरी जोडी आली. पण ‘आफ्टर’मुळे तो भाग एकटा उभा राहत नाही, म्हणजे गौण उपवाक्य, वाक्य कॉम्प्लेक्स, आपलं मिश्र वाक्य. ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘व्हेन’, ‘दो’ यांचंही तेच.

‘ही सोल्ड द टर्मरिक, बट ही डिड नॉट गो होम’ यात दोन्ही भाग स्वतंत्र, म्हणून कंपाउंड. हा प्रकार सोपा आहे.

परीक्षेत फसवतं ते ‘आय नो ही इज इन मिरज’. मधला ‘दॅट’ गाळलाय, तरी जोड्या दोन, आणि ‘दॅट’चा भाग गौणच. कॉम्प्लेक्सच लिहा.