ज्वारीची पहिली भाकरी थापताना

भाकरी थापताना कडेने चिरा जात असतील आणि तव्यावर टाकताना ती मोडत असेल, तर हाताला दोष देण्याआधी पीठ पाहावे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे तिच्या पिठाला चिकटपणा आणावा लागतो, आणि दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे बांधून राहण्याचा गुण, गेली असेल, तर कितीही मळले तरी भाकरी नीट थापली जात नाही. म्हणून पीठ थोडे थोडेच दळून आणावे. नवख्या हाताने ते उकळत्या पाण्यात भिजवावे, कारण कढत पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो आणि गोळा बांधून राहतो.

एका वेळी एकाच भाकरीचे पीठ घेऊन ते गुळगुळीत होईपर्यंत तळहाताने रगडावे. येथे घाई अजिबात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. थापताना परातीतील कोरड्या पिठाला टेकलेली बाजू तव्यावर वर येऊ द्यावी, तिच्यावर लगेच पाणी फिरवावे आणि ते पुरते वाळण्यापूर्वीच भाकरी उलटावी, नाही तर पापुद्र्याला भेगा पडतात. पाण्याची बाजू तव्यावर चांगली भाजली, की दुसरी बाजू थेट आचेवर धरावी, म्हणजे भाकरी टम्म फुगते.

सोबतचे पिठले मात्र आधीच करून ठेवावे. बेसन गार पाण्यात कालवून मगच लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतले, तर गुठळ्या होत नाहीत.