ज्यूसचा चोथा डाळिंबाच्या बुडात ओतू नका

सांगोला, मोहोळ, पंढरपूर भागातनं सारखेच प्रश्न यायला लागलेत. घरी डाळिंबाचा, गाजर-बीटचा, मोसंबीचा ज्यूस काढतोय, चोथा बादलीभर उरतो, तो झाडाला टाकू का, गाईला घालू का, आणि दुकानदार म्हणतोय कल्चरची (कुजवणाऱ्या जिवाणूंची) बाटली घ्या, वरनं युरिया मारा, तसं करू का? सगळ्यांना एकदमच सांगतो.

ओला चोथा झाडाच्या बुडात नाही म्हणजे नाही. त्यात साखर असते, ती आंबते, ड्रिपच्या ओलीत मुंग्या-माश्या-बुरशी सगळं गोळा होतं. खत बागेला द्यायचं ते कुजलेलं आणि बहार धरताना, म्हणजे फुलोऱ्यासाठी बाग तयार करताना; ताणावर असलेल्या, म्हणजे पाणी तोडलेल्या बागेत बादल्या ओतत बसायचं नाही.

आता डाळिंबवाल्यांनी नीट ऐका. घरी ज्यूसला कुठला माल जातो? जो व्यापारी घेत नाही तो, म्हणजे तडकलेला, डागी, तेल्या रोगाचा. दाणे खायला चालतात हो, पण तेल्याचे जिवाणू सालीवरच्या डागात बसलेले असतात आणि तीच साल तुम्ही चोथ्याबरोबर परत बागेत नेऊन टाकताय, मग फवारणीला हजारो रुपये घालून फायदा काय? डागी साल वेगळी काढायची, बागेपासनं लांब जाळायची नाहीतर खोल पुरायची. गांडूळ खताच्या बेडमधे पण नको, कारण बेड तापत नाही, तापला तर गांडुळंच मरतात, आणि न तापता जिवाणू मरतील याचा भरवसा नाही. डाग कशाचा आहे कळत नसेल तर फळ पिशवीत बांधून सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, दुकानाच्या काउंटरवर नको.

बाकी चोथ्याचं मी सगळ्यांना गांडूळ खतच करायला सांगतो. एक घमेलं चोथ्याला दोन घमेली कोरडं, म्हणजे पाचट, तुरीचा भुसा, वाळका पाला जे असेल ते, वरनं शेणकाला. सावलीत ढीग लावा, मधनं एकदा-दोनदा पलटी मारा, १५-२० दिवसांनी गरमी गेली की मगच गांडुळं सोडा, ताज्या चोथ्यात सोडली तर ती पळून जातात नाहीतर मरतात. मोसंबी-लिंबाचा चोथा थोडाच घाला. ओल किती ठेवायची तर मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. दीड-दोन महिन्यांत खत तयार, डाळिंबाला झाडामागं साधारण २ किलो द्या, शेणखत आहे तेवढं चालूच ठेवा.

आणि युरिया. उसाच्या पाचटाला टनामागं ८ किलो युरियाची शिफारस आहे ती खरी, पण ती कोरड्या पाचटाची, एक टनाची! तीच उचलून दुकानदार बादलीभर ओल्या चोथ्याला मूठ-मूठ मारायला सांगतो. अमोनियाच्या वासानं गांडुळं खलास, आणि तो ढीग गाईनं चाटला तर गाय पण जाईल. चोथ्याला युरिया नको. बाटली पण नको, गोठ्यातलं शेण हेच कल्चर आहे, ते फुकट मिळतंय. कुणीतरी डाळिंबाच्या बियांचं तेल काढायचं मशीन पण खपवत फिरतंय म्हणे. बियांत तेल असतं, पण घरच्या चोथ्यावर मशीनचा हप्ता फिटणार नाही.

जनावराला गाजर-बीटचा चोथा चांगला, पण त्याच दिवशीचा, मोठ्या गाईला सुरुवातीला किलोभर, मग हळूहळू दोन-तीन किलो, तेही कडब्याबरोबर मिसळून. उपाशी जनावरापुढं अख्खं टोपलं ओतलं की पोटात आम्ल वाढतं, जनावर बसतं, मग रात्री डॉक्टरला फोन. आंबलेला, बुरशी आलेला चोथा अजिबात नको, वाया जातोय म्हणून घातला हे कारण मला सांगू नका.

माणसांनी खायचा असेल तर ज्यूस काढल्या काढल्या वापरा. गाजर-बीटचा चोथा ज्वारीच्या पिठात मळून धपाटे मस्त होतात, आमच्या घरी तर चोथा ढिगापर्यंत पोचतच नाही. उन्हाळ्यात पातळ पसरून कडकडीत वाळवून डब्यात भरला तरी टिकतो. फक्त दुधीचा ज्यूस काढायच्या आधी एक फोड चाखा, कडू लागली तर ज्यूस पण फेका, चोथा पण फेका, माणसाला नको आणि जनावराला पण नको.

बचत गटाच्या ताईंनी अनुदानाचं विचारलंय. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत एकटीच्या खाद्यपदार्थ उद्योगाला बँक कर्जाला जोडून खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख असं अनुदान ठरलेलं होतं. योजना अजून चालू आहे का ते आधी बँकेत विचारा, मग कागद घेऊन तालुका कृषी कार्यालयात या. एजंटला फाइलचे पैसे देऊ नका.