मागचे स्प्रॉकेट मोठे करावे का? इलेक्ट्रिक मोटोक्रॉसविषयी वाचकांचे प्रश्न

कच्च्या, उंचसखल मैदानावर पळवायच्या इलेक्ट्रिक मोटोक्रॉस गाड्यांविषयी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण वेगवेगळ्या शब्दांत तोच प्रश्न अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : माझ्याकडे ६० व्होल्टची, वजनाने हलकी अशी माळरानावर चालवायची इलेक्ट्रिक मोटारसायकल आहे. पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, १४ दातांचे आणि मागचे ४८ दातांचे आहे. हिप्परगा तलावाच्या पलीकडच्या मुरमाड माळावर चढ घेताना मागचे चाक जागेवरच फिरते आणि गाडी वर सरकत नाही. आमचे मेकॅनिक म्हणतात, मागे ५४ दातांचे स्प्रॉकेट टाका, म्हणजे गाडी ओढेल. बदल करावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

आपण सांगितलेल्या अडचणीवर हा उपाय नाही. उलट त्यामुळे चाक अधिकच फिरेल. आपल्या मेकॅनिकांचा सल्ला पेट्रोलच्या गाडीवरील अनुभवातून आलेला आहे आणि त्या गाडीपुरता तो योग्यच आहे. पेट्रोल इंजिनाची खरी ताकद फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यात असते आणि त्या पट्ट्याच्या खाली इंजिन गुदमरते. मागचे स्प्रॉकेट मोठे केले की त्याच वेगाला इंजिन जास्त फेरे घेते आणि त्या पट्ट्यात लवकर पोहोचते, म्हणून गाडीचा पिकअप सुधारल्यासारखा वाटतो. इलेक्ट्रिक मोटरला असा पट्टा गाठावा लागत नाही. ती स्थिर असतानाच पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देऊ शकते, एका विशिष्ट फेऱ्यांपर्यंत तो जवळपास तसाच टिकतो आणि त्यानंतर वेग वाढेल तसा उतरत जातो. त्यामुळे दात वाढवल्याने मोटरमधील झोपलेली ताकद जागी होत नाही, आधीच हातात असलेला टॉर्क चाकापर्यंत अधिक पटीने पोहोचतो, इतकेच.

आता आपल्या माळावरचा हिशेब पाहू. मोटरचा टॉर्क ३० न्यूटन-मीटर आणि आतील व बाहेरील मिळून एकूण गिअर प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे फेरे) साडेसात पट धरले, तर मागच्या चाकावर २२५ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल, तर टायर जमिनीला ७५० न्यूटन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलतो. गाडी आणि आपण मिळून १३० किलो आणि त्यांपैकी ८० किलो भार मागच्या चाकावर आहे असे समजा. सैल मुरमावरची पकड त्या भाराच्या निम्मी धरली, तर जमीन फार तर ४० किलोचा जोर पेलू शकते. मोटर ७६ किलोचा जोर देते आहे आणि जमीन ४० किलोच घेते आहे. उरलेला जोर मुरूम उडवण्यात जातो. ४८ ऐवजी ५४ दात केले की ७६ चे ८६ होतील, पण ४० चे ४० च राहतील. येथे कमतरता जोराची नसून पकडीची आहे.

म्हणून पहिला बदल थ्रॉटलच्या, म्हणजे जोर कमी-जास्त करणाऱ्या हँडलच्या मुठीच्या, प्रतिसादात करावा. आपल्या गाडीत मोड बदलण्याची सोय असेल, तर मुरमाच्या चढावर सर्वांत सौम्य मोड निवडावा. मोटरला किती करंट द्यायचा हे ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये मांडणी बदलता येत असेल, तर थ्रॉटलच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात करंट हळूहळू चढेल अशी ती ठेवावी. सगळा जोर एकदम आला की टायरवरच्या रबरी गुठळ्या मुरमाचा वरचा थर खरवडून काढतात आणि एकदा चाक फिरू लागले की पकड आणखी कमी होते. तोच जोर थोड्या विलंबाने आला, तर गुठळ्यांना खालच्या घट्ट थरात बसायला वेळ मिळतो. त्याचबरोबर मागच्या टायरमधील हवा १२ ते १४ पीएसआयपर्यंत उतरवून पाहावी, मात्र ट्यूबचा टायर असल्यास टायर रिमला घट्ट धरून ठेवणारे रिम-लॉक बसवल्याशिवाय हे करू नये, नाहीतर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जाईल. चढावर पाठीमागे रेलून बसल्यानेही भार मागच्या चाकावर येतो, परंतु पुढचे चाक उचलणार नाही इतपतच.

प्रतिसादाची ही मांडणी गाडीचा स्वभाव किती बदलू शकते, हे डिसेंबर २०२१ मध्ये सादर झालेल्या स्पेनमधील स्टार्क वार्ग या गाडीवरून कळते. कंपनी तिची कमाल ताकद ८० अश्वशक्ती सांगते, म्हणजे ४५० सीसीच्या पेट्रोल मोटोक्रॉस गाडीपेक्षाही अधिक. पण तीच गाडी मोबाइल फोनवरून १२५ सीसीच्या गाडीइतकी मवाळ करता येते. स्प्रॉकेट, चेन, टायर तेच असतात. बदलतो तो फक्त करंट येण्याचा क्रम.

तरीही ५४ दातांचे स्प्रॉकेट पूर्णपणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. आपण बहुतेक वेळ सावकाश आणि अवघड जागी, दगडगोट्यांतून किंवा ओढ्याच्या काठाने चालवत असाल, तर त्याचा फायदा उष्णतेच्या बाबतीत होतो. ४८ वरून ५४ म्हणजे प्रमाण साडेबारा टक्क्यांनी वाढले, त्यामुळे चाकावर पूर्वीइतकाच जोर मिळवण्यासाठी मोटरला सुमारे ११ टक्के कमी करंट पुरतो. तांब्याच्या वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे २१ टक्क्यांनी घटते. सोलापूरच्या उन्हात ही घट फार मोलाची आहे. याची किंमत कमाल वेगात मोजावी लागते : आज गाडी ताशी ७० किलोमीटर जात असेल, तर ती ६२ च्या आसपास थांबेल.

बदल करायचाच ठरवला, तर चेनचाही विचार करावा. सहा दात वाढले की चेनला तीन कड्यांहून थोडी जास्त लांबी लागते आणि कड्या जोडीनेच वाढवता येत असल्याने चार कड्या घालून मागचा एक्सल किंचित मागे घ्यावा लागतो. जुन्याच चेनवर ओढूनताणून बसवलेले स्प्रॉकेट मी गॅरेजमध्ये पाहिले आहे. सस्पेन्शन दबले की अशी चेन तारेसारखी ताणली जाते आणि बेअरिंगचा जीव घेते. पुढचे स्प्रॉकेट १४ चे १३ करणे स्वस्त पडते आणि त्याचा परिणाम मागे जवळजवळ ५२ दात बसवल्याइतका होतो, परंतु लहान स्प्रॉकेटवर चेन अधिक वाकते आणि लवकर झिजते. प्रयोग म्हणून आधी १३ लावून पाहावे, पटले तर मग मागचे बदलावे.

प्रश्न : पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२४ मध्ये झालेली सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी मी पाहिली. सुटण्यापूर्वी सर्व स्वार क्लच दाबून इंजिन घुमवत होते. इलेक्ट्रिक गाडीला क्लच आणि गिअर नसतात. मग ती सुरुवातीलाच मागे पडत नाही का?
– एक वाचक, होटगी रस्ता

आपले निरीक्षण अचूक आहे. क्लच दाबून इंजिन घुमवले की क्रँक आणि फ्लायव्हील या इंजिनातील जड फिरत्या भागांत फिरण्याची ऊर्जा साठते आणि क्लच सोडताच ती एका झटक्यात चाकावर येते. इलेक्ट्रिक मोटर चाकाला कायम जोडलेली असल्याने गाडी उभी असताना तीही उभीच असते आणि असा साठा तिच्याजवळ नसतो. मात्र तिला क्लचचा नेमका बिंदूही साधावा लागत नाही. थ्रॉटल पिळताच टॉर्क हजर असतो आणि स्वाराला फक्त चाक घसरू न देण्याकडे लक्ष द्यावे लागते. त्यामुळे सुटताना ती मागे पडतेच असे नाही. उणीव जाणवते ती वळणातून बाहेर पडल्या पडल्या उडी घ्यायची असते तेव्हा, कारण तेथे पेट्रोलचा स्वार क्लचला एक बोट लावून हवा तेवढा झटका मिळवतो. पाय न टेकता दगडधोंड्यांवरून गाडी नेण्याच्या ट्रायल प्रकारात तर अशा झटक्यावरच सारे अवलंबून असते, म्हणून इलेक्ट्रिक मोशन ही फ्रेंच कंपनी आपल्या काही ट्रायल गाड्यांना क्लच देते.

गिअर नसण्याचे कारण पहिल्या उत्तरात आलेच आहे. होंडाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सीआर इलेक्ट्रिक प्रोटो ही गाडी अखिल जपान मोटोक्रॉस स्पर्धेत पेट्रोलच्या गाड्यांबरोबर उतरवली होती आणि अमेरिकी स्वार ट्रे कॅनार्ड ती चालवत होता. दोन्ही प्रकार एकाच गेटवरून सुटू लागल्यावरच आपल्या प्रश्नाचा निकाल मैदानावर लागेल आणि तशा शर्यती अधिक व्हाव्यात असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी थोडा वेळ चालवल्यावर गाडीचा जोर उतरतो आणि सावलीत उभी केली की परत येतो. बॅटरी खराब झाली आहे का? पावसानंतर काळ्या रानात गाडी रुतली, तेव्हाही असेच झाले.
– एक वाचक, मंगळवेढा

चार्ज न करता, केवळ विश्रांतीने जोर परत येत असेल, तर दोष बॅटरीत नसून गाडी तापल्यामुळे कंट्रोलरने स्वतःहून करंट कमी केला आहे. बाहेर पारा ४३-४४ अंशांवर असताना हवेवर थंड होणाऱ्या मोटरला उष्णता बाहेर टाकायला फारसा वाव उरत नाही. हे संरक्षण बंद करून देणारे लोक भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. फार तापलेल्या मोटरमधील चुंबक कायमचे दुबळे होतात आणि ती ताकद नंतर कोणत्याही दुरुस्तीने परत मिळत नाही.

बॅटरी उतरल्याची खूण वेगळी असते. सोळा सेलच्या माळेची बॅटरी पूर्ण भरलेली असताना ६७.२ व्होल्ट देते आणि संपत येताना ५१ व्होल्टच्या आसपास येते. मोटरचा कमाल वेग व्होल्टवर ठरत असल्याने शेवटी गाडीचा पळण्याचा वेग जवळजवळ चौथाईने घटतो, पण सावकाश चढण्याची ओढ बरीचशी टिकून राहते. आपली तक्रार यात बसत नाही.

काळ्या मातीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ज्वारीला पोसणारी आपली ती चिकणमाती पाणी धरून फुगते, टायर आणि मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या (स्विंगआर्मच्या) मधल्या फटीत गच्च बसते आणि चाक अडते. अशा वेळी थ्रॉटल पिळून धरल्यास मोटर फिरत नाही, तरीही पूर्ण करंट घेत राहते. फिरणेच नसल्याने त्या विजेतून एक कणही काम होत नाही, सगळी उष्णता होते, आणि तीही वेटोळ्यांच्या आणि कंट्रोलरच्या ठरावीक भागातच साचते. पेट्रोलचे इंजिन येथे बंद पडून स्वतःला वाचवते, मोटर बंद पडत नाही. चाक अडल्याचे कळताच थ्रॉटल सोडावा, खाली उतरून काठीने चिखल काढावा आणि गाडी हाताने ढकलावी. घरी आल्यावर तापलेली बॅटरी निवून हाताला कोमट लागेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

प्रश्न : अशी गाडी घरापासून माळापर्यंत रस्त्याने चालवत नेली तर चालते का? इलेक्ट्रिकला नोंदणी लागत नाही, असे ऐकले आहे.
– एक वाचक, विजापूर रस्ता

नाही. नोंदणीची सूट केवळ २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनांना आहे. मोटोक्रॉस गाडी त्यात बसत नाही. ती टेम्पोतून न्यावी, आणि माळ खासगी असल्यास मालकाला आधी विचारावे. उन्हाळ्यात रिकाम्या दिसणाऱ्या रानातही बांध, पाइपलाइन आणि ठिबकच्या नळ्या असतात.