भांडण राजकारणाचं, फाईल धाकट्याची

पत्र थोडक्यात असं आहे. तीन भावंडं, लिहिणारी मधली, आणि सहीसुद्धा 'मधली' अशीच केलीये. निवडणूक जवळ आली की हिची आणि दादाची जुंपते, ग्रुपवरही आणि समोरासमोरही. दादाचं म्हणणं ठरलेलं, सरकारने किती पुरं पडायचं, माणसाने स्वतः हातपाय हलवायचे की नाही. हिचं म्हणणंही ठरलेलं, सगळ्यांची सुरुवात सारखी नसते, जरा परिस्थिती बघ. गेल्या महिन्यात बाबांच्या वाढदिवसाला परत तेच झालं, दादा तावातावाने म्हणाला "ज्याला करायचंच नसतं त्याला कारणं बरोबर सापडतात", आणि धाकटा अर्ध्या जेवणातून उठला, ताट बेसिनमध्ये ठेवलं, चप्पल घातली आणि निघून गेला. तेव्हापासून कुणाचा फोन घेत नाही. (दोन वर्षांपूर्वी त्याचा धंदा बुडाला, लोन अजून डोक्यावर आहे.) मधलीचा प्रश्न असा, की "ताई, दादाला कसं पटवू की चूक माणसाची नसते, परिस्थितीची असते? एखादा सणसणीत मुद्दा द्या."

ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगंच करते. मुद्दा देते, एक सोडून दोन देते. पण आधी एक सांगू का, तुझं पत्र साडेतीन पानांचं आहे आणि त्यात धाकट्याबद्दल जेमतेम सहा-सात ओळी आहेत. मी मोजल्या. दादाची वाक्यं मात्र तारखेसकट लिहून काढलीयेस.

दादाने ग्रुपवर टाकलेल्या त्या मार्शमेलोच्या (ती मऊ, गोड मिठाई) व्हिडिओपासूनच सुरू करू, कारण तो बघून तुझा पारा चढला असं दिसतंय. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हे प्रयोग सुरू केले. लहान मुलासमोर एक मार्शमेलो ठेवायचा, आत्ता खाल्लास तर एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी जास्त थांबली त्यांचं पुढे शाळेत बरं चाललं असं नंतर दिसलं आणि तिथून हा प्रयोग जो भाषणांमध्ये घुसला तो अजून बाहेर आला नाहीये, संयम ठेवा, पुढे जा वगैरे. आता तुझ्या कामाचं. २०१८ साली ९०० हून जास्त मुलांच्या माहितीवर हे परत तपासलं तेव्हा तो संबंध मूळच्या साधारण निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण असलं सगळं हिशोबात धरल्यावर उरलेल्यातलाही बराचसा विरघळला. झालं, मिळाला मुद्दा. ग्रुपवर टाकायला हात शिवशिवत असतील ना? थांब. थांबलीस तर दुसरा मिळेल.

दुसरा रॉचेस्टर विद्यापीठातला आहे, २०१३ साली छापून आलेला. तिथे त्यांनी मार्शमेलोच्या आधी एक गंमत केली. मोठ्या माणसाने मुलांना सांगायचं, थांब हं, मी तुझ्यासाठी याहून छान रंग आणतो. निम्म्या मुलांना त्याने खरंच आणून दिले, निम्म्यांकडे रिकाम्या हाताने आला आणि सॉरी म्हणाला. मग मार्शमेलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना टांग मारली होती ती ३. म्हणजे संयम नुसता मुलाच्या पोटात नसतो, समोरचा मोठा माणूस परत येतो की नाही यावरही असतो. तीन मिनिटांत खाणारं पोर हावरट नव्हतं गं, त्याने हिशोब बरोबर केला होता.

आता तुझ्या पत्राचं तिसरं पान काढ. "त्याने लोनची फाईल माझ्याकडे दिली होती, मी बँकेत बोलते म्हटलं होतं, पण ऑफिसच्या गडबडीत ते राहिलं." कधी दिली होती? दिवाळीच्या आधी की नंतर, तू लिहिलं नाहीस, पण बाबांच्या वाढदिवसाच्या आधी नक्की. आणि राहिलं! फार सोयीचं क्रियापद आहे हे, करणारं कुणी लागतच नाही. दादाच्या तोंडी हेच आलं असतं तर तू म्हणाली असतीस की कारणं सांगतोय. मी तुला टोचायला म्हणत नाहीये (थोडं म्हणतेय), पण सगळ्यांना परिस्थितीची सूट देताना पहिली सूट स्वतःलाच घेतलेली असते आणि ते आपल्याला कळतही नाही, हे माझंही होतं.

आता दादा. त्याच्याबद्दल तू लिहिलंयस "तो मुळातच कोरडा आहे". मुळातच? अगं, परिस्थितीची वकील तू, आणि दादाची केस आली की लगेच मूळ काढलंस? १९६७ सालचा एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना क्यूबाचा कम्युनिस्ट नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले, आणि काहींना स्पष्ट सांगितलं की बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, नेमून दिलेली होती. तरी वाचणाऱ्यांना वाटलंच की ज्याने बाजूने लिहिलंय तो मनातून थोडा तरी कॅस्ट्रोवाला असणार. १९७७ मध्ये ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी या सवयीला एक भारदस्त नाव दिलं, आपण घाईघाईने शिक्का मारणं म्हणू. दादासुद्धा धाकट्यावर तोच शिक्का मारतोय, फक्त त्याचा शाईचा रंग वेगळा.

दादाला काय नेमून दिलं होतं तेही तूच लिहिलंयस, कंसात का होईना. बाबा आजारी पडले तेव्हा तो १९ वर्षांचा होता, कॉलेज सोडलं, नोकरी धरली, तुमच्या दोघांच्या फिया भरल्या. अशा माणसाला तू दर निवडणुकीला सांगतेस की सगळं परिस्थितीवर असतं. त्याला काय ऐकू येत असेल? की तू जे केलंस ते तू केलंच नाहीस, आपोआप झालं. मग तो चिडून उलट्या टोकाला जातो आणि म्हणतो की मी केलं तर कोणीही करू शकतो, जे अर्थातच खोटं आहे, पण ते राजकीय मत कमी आणि मला कधी कुणी शाबास म्हटलं नाही ही तक्रार जास्त आहे. त्याला त्या वर्षांबद्दल कधी विचारलंयस? वाद म्हणून नाही, नुसतंच, की काय करायचं होतं तुला तेव्हा, कशाला अ‍ॅडमिशन घेतली होतीस.

राजकारणात मला स्वतःला तुझी बाजू जास्त पटते हेही सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल ताई दादाला फितूर झाली. फक्त 'चूक कोणाची' या प्रश्नावर अडकलं की दोन्ही बाजू कायम बरोबरच असतात. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली रस्त्यांबाबत एक धोरण घेतलं, व्हिजन झिरो. माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा. नियम पाळायची जबाबदारी चालवणाऱ्याचीच, ती कुणी माफ केली नाही, पण तो चुकला म्हणून जीव जाऊ नये ही जबाबदारी रस्ते आणि गाड्या बनवणाऱ्यांची. मग समोरासमोरच्या लेनच्या मध्ये तारेचे कठडे आले, चौकांच्या जागी गोल चक्कर आले, आणि वीस-बावीस वर्षांत तिथले अपघाती मृत्यू निम्म्याच्याही खाली आले. ड्रायव्हर तेच, तेवढेच विसरभोळे. असं बोललीस तर दादा ऐकेल कदाचित, कारण यात कुणाला बिचारा म्हणावं लागत नाही.

आणि बिचारा या शब्दामुळेच धाकटा उठला असं मला वाटतंय. दादाचं वाक्य लागलं असणारच, पण त्याच्या आधी तू काय म्हणाली होतीस तेही पत्रात आहे, "त्याच्यासारख्यांचा काय दोष." त्याच्यासारख्यांचा! ३१ वर्षांचा माणूस, समोर बसून जेवतोय, आणि दोघं मोठी त्याच्याकडे न बघता त्याचं उदाहरण देताहेत, एक म्हणतो आळशी, एक म्हणते बिचारा. पी. एफ. स्ट्रॉसन नावाचे तत्त्वज्ञ होते, १९६२ मध्ये त्यांनी मांडलं होतं की आपण एखाद्यावर रागावतो, त्याला जाब विचारतो, तेव्हा त्याला आपल्या बरोबरीचा माणूस धरलेलं असतं. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याला आपण फक्त सांभाळतो. धाकट्याच्या मोठ्या गिऱ्हाईकाने पैसे अडकवले हे त्याच्या हातात नव्हतं. ते भरायला त्याने दुसरं लोन काढलं, हे होतं. त्याला दोन्ही माहीत आहे, तुमच्या दोघांपेक्षा जास्त. त्याच्या तोंडून ते ऐकायला कुणी बसलंय का, एवढाच प्रश्न आहे.

तर आता फोन करत बसू नकोस, तो घेणार नाही. फाईल काढ, कपाटात वर असेल तर आजच काढ, बँकेत जाऊन रीस्ट्रक्चरिंगचं, म्हणजे लोनचे हप्ते नव्याने बांधून मिळण्याचं, काय होतं ते विचार, जे उत्तर मिळेल ते, वाईट असलं तरी, आणि मग त्याला मेसेज कर की फाईल माझ्याकडे पडून होती, चूक माझी, आज बँकेत जाऊन आले, त्यांनी हे हे सांगितलं, पुढचं तू ठरव, बोलवलंस तर सोबत येते. दादाचा विषय त्यात नको, वाढदिवसाचाही नको. उत्तर यायला वेळ लागला तर लागू दे, तीन मिनिटांवर आणलेलं माणूस बारावर जायला थोडे दिवस घेणारच.

आणि हे सगळं वाचून झाल्यावर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नकोस. दादालाही नाही.

– ताई