अडतीस रकाने आणि चवथीची हजेरी

प्रश्न : ताई, डिचोलीजवळ मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी आमचे दिवसभराचे केंद्र आहे. २६ जण येतात, आम्ही चौघे कर्मचारी. देणगीदार म्हणतात, ‘सुधारणा आकड्यांत दाखवा.’ संगणकावर फॉर्म करायला घेतलाय, ३८ रकाने झाले. आणखी काय घालू?
– एक समाजकार्यकर्ती

उत्तर : घालू नका, काढा.

नोकरीत असताना मीही असाच फॉर्म केला होता, ४२ रकान्यांचा. सहा महिन्यांनी उघडला तर ‘प्रगती’खाली सगळीकडे ‘समाधानकारक’, एकाच बैठकीत लिहिलेले. त्यांतला एक जण दोन महिने आलाच नव्हता, त्याचीही प्रगती समाधानकारक! भरणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही. शिवणवर्ग, जेवण, गोळ्या सांभाळून तिने ते भरायचे कधी?

रोज तीनच गोष्टी लिहा : आला का, काय केले, नाही आला तर का. हा ‘का’ सोडू नका. चवथीला आमची हजेरी निम्म्यावर यायची आणि वरिष्ठ विचारायचे, ‘आजार उलटला काय?’ अहो, माणसे गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला गावी गेली होती! मला तर ती बरे होण्याचीच खूण वाटायची. आणि कोरा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे. विचारले नसेल तर तसेच लिहा.

देणगीदारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘हूडास २.०’ ही १२ प्रश्नांची प्रश्नावली घ्या. ती गेल्या ३० दिवसांत रोजच्या कामांत किती अडले ते विचारते, म्हणून दर आठवड्याला नको. प्रवेशावेळी आणि मग दर तीन महिन्यांनी पुरे. तिच्यात गुण वाढले म्हणजे अडचण वाढली. हे आलेखाखाली ठळक लिहा, नाहीतर चढती रेघ पाहून कोणी टाळ्या वाजवील. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीची ‘आयडियाज’ मोजपट्टी वेगळी, ती यात मिसळू नका.

तक्त्यावर नाव नको, क्रमांक घाला. क्रमांक कोणाचा ते सांगणारी वही कुलपात ठेवा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा त्यांचा हक्क आहे. तक्त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरता कामा नये.

महिनाभर साध्या वहीत भरा. शनिवारच्या बैठकीत जो रकाना कोणी वाचलाच नाही, तो खोडा. संगणक पावसाळा संपल्यावर. तेव्हा वीज तरी असेल.