'कळवळ्याची जाती' म्हणजे कुठली जात?

प्रश्न असा आलाय की तुकोबांच्या 'ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती' ह्या ओळीत जाती म्हणजे नक्की काय, आणि त्यावरून निःस्वार्थ प्रेम माणसात जन्मापासूनच असतं असं धरायचं का.

आधी जाती. हा शब्द इथे एकवचनी आहे, क्रियापद बघा ना, 'करी' आहे, अनेकवचन असतं तर 'करिती' आलं असतं. अर्थ आहे स्वभाव, जन्मजात गुण. संस्कृतातला जन् धातू, जन्मणे, त्यातून आलेला शब्द, आणि हा अर्थ आपण अजूनही वापरतो फक्त लक्षात येत नाही, 'पोरगी जात्याच हुशार आहे', 'जातिवंत घोडा', 'जातीच्या सुंदराला काहीही शोभतं', ह्यात समाजातली जात कुठेच नाही. म्हणजे कळवळ्याचा मूळ स्वभावच असा की काही मिळणार नसलं तरी तो प्रेम करतो.

आता खुद्द कळवळा. कळवळणे हे स्वतःच्या दुखण्याचं क्रियापद, पोटात कळ आली की माणूस कळवळतो, विंचू चावला की कळवळतो. तेच क्रियापद मराठीने दुसऱ्याच्या दुखण्याला लावलं, 'त्याचे हाल बघून ती कळवळली', आणि मला हे फार मोलाचं वाटतं. एसटीत कुणाचं तरी बोट खिडकीच्या काचेत चेमटतं आणि पलीकडच्या सीटवरची बाई, ओळख ना पाळख, 'स्स्... आई गं!' म्हणत स्वतःचाच हात झटकते, दुखतंय त्याला आणि ओरडते ही, हा झाला कळवळा, विचार करायला वेळच नसतो तिथे फायद्यातोट्याचा हिशोब कधी करणार. आणि व्याकरणही तेच सांगतं. उपकार आपण करतो, मदत करतो, दानधर्म करतो, पण कळवळा येतो, माया लागते, लळा लागतो, पोटात तुटतं. ह्या सगळ्यात आपण कर्ते नसतोच, आपल्याला ते होतं.

पण म्हणून लगेच 'हो, उपजतच असतं' म्हणून मोकळं होऊ नये, आख्खा अभंग वाचावा. सुरुवात आहे 'लेकुराचे हित, वाहे माउलीचे चित्त', म्हणजे उदाहरण आईचं आणि तेही तिच्या स्वतःच्या लेकराबद्दलचं. शेवटी तुकोबा आपलं ओझं कुणावर टाकतात तर संतांवर, 'तुका म्हणे माझे, तुम्हां संतांवरी ओझे'. पोटच्या पोराबद्दल आईला जे आपसूक वाटतं ते परक्याबद्दल वाटायला संतच लागतो. 'जे का रंजले गांजले' मधेही हेच आहे, 'दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी'. पोराची दया येते हे तिथे गृहीतच धरलंय, सगळं वजन आहे 'तेचि' मधल्या 'चि' वर, तीच, तितकीच, जराही कमी नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी, शके 1212 म्हणजे 1290 मधे लिहून झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात 'भूतां परस्परे पडो, मैत्र जीवाचे' असं मागणं आहे, 'पडो', म्हणजे घडो, जडो. सगळ्यांना सगळ्यांबद्दल ते आपोआप वाटत असतं तर मागायची गरजच नव्हती.

तेव्हा माझं मत, कळवळा उपजत, पण तो कुणाकुणापर्यंत पोचतो हे उपजत नाही, ते ज्याचं त्याने वाढवायचं असतं आणि वाढवता येतं, वारकरी संतांची सगळी खटपट त्यासाठीच होती असं मला मनापासून वाटतं.

वापराबद्दलही विचारलंय म्हणून, 'कळवळा केला' असं लिहू नका, कळवळा येतो, वाटतो, असतो. 'कळवळा दाखवला' चालतं, पण मग वाचणाऱ्याला तो खरा नव्हता असंच वाटणार.